कर्जदाराचं खोटं यंत्राने कुठे शोधायचं: चेहऱ्यावर नव्हे, स्टॉक स्टेटमेंटमध्ये

प्रश्न असा आहे: एका नागरी सहकारी बँकेकडे छोट्या व्यापाऱ्यांची ५ ते ५० लाखांची कॅश क्रेडिट खाती (मालाच्या तारणावर, ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलता येणारं कर्ज) आहेत. एक कंपनी त्यांना अशी प्रणाली विकू पाहते आहे, जी व्हिडिओ मुलाखतीतला चेहरा आणि आवाज तपासून अर्जदार खोटं बोलतो आहे का हे सांगते. ती घ्यावी का? नसेल घ्यायची, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा या कामी काही उपयोग आहे का?

प्रणाली घेऊ नका. उपयोग मात्र भरपूर आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. कर्जव्यवहारातलं खोटं सापडतं ते दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत तिथे, आणि त्या दोन नोंदी दोन वेगळ्या हातांनी केलेल्या असाव्या लागतात. यंत्राला हे जुळवण्याचं काम द्यायचं.

आधी चेहरा आणि आवाज. बाँड आणि डीपॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचे निकाल एकत्र केले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ओळखतात असं त्यात दिसलं. डोळे मिटून अंदाज केला तरी ५० टक्के जमतं. ब्रिटनच्या कामकाज आणि निवृत्तिवेतन खात्याने २००७ पासून सरकारी मदत मागणाऱ्यांचे फोन आवाज-विश्लेषण यंत्राला ऐकवले आणि २०१० मध्ये तो प्रयोग सोडून दिला. अशा यंत्रांची मूळ अडचण एकच आहे. ती ताण मोजतात, आणि कर्ज मागायला आलेला प्रामाणिक माणूस ताणात असतोच. घरी मराठीत बोलणारा दुकानदार कॅमेऱ्यासमोर हिंदी किंवा इंग्रजीत अडखळला की त्याचा गुण खाली जातो. आधी तीन बँका फिरून आलेला सराईत बुडवा शांतपणे बोलून जातो.

विक्रेता 'अचूकता ९० टक्के' म्हणेल तेव्हा हा हिशोब त्याच्यापुढे मांडा. समजा वर्षाला १,००० अर्ज येतात आणि त्यातले २० जण गंभीर खोटं सांगतात. प्रणाली खोट्यांपैकी ९० टक्के पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारते असं धरू. म्हणजे १८ खोटे सापडले आणि ९८० खऱ्यांतले ४९ जण विनाकारण अडकले. एकूण ६७ जणांवर खूण झाली, त्यात खरोखर खोटे १८, म्हणजे चारातला जेमतेम एक. आता समजा यंत्र विक्रेत्याच्या दाव्यापेक्षा बरंच कच्चं निघालं: पकड ६० टक्के, चुकीचा शिक्का ४० टक्के. मग १२ खोट्यांबरोबर ३९२ खरे अडकतात. अशी यादी शाखाधिकाऱ्याच्या काहीच कामाची नसते.

याहून मोठा धोका माणसाच्या वागण्यात आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लेखी विधानांवरून खोटं ओळखणारं मॉडेल वापरलं होतं आणि त्याची अचूकता सुमारे ६७ टक्के होती. एरवी लोक समोरच्यावर खोटेपणाचा आरोप करायला कचरत होते. यंत्राचा निकाल मागवून घेतलेल्यांना यंत्राने 'खोटं' असं सांगितलं की बहुतेकांनी बेधडक आरोप केला. तुमच्या शाखेतही हेच होईल. पडद्यावर लाल खूण दिसल्यावर कुठलाही अधिकारी 'मी तरीही कर्ज देतो' असं स्वतःच्या सहीने लिहिणार नाही.

आता जिथे खरंच फळ मिळतं तिथे येऊ. कॅश क्रेडिटमध्ये सगळ्यात जास्त खोटं असतं ते दरमहा येणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे दुकानात किती माल आहे हे सांगणाऱ्या पत्रकात. उचल किती करता येईल (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी) हे त्यावरून ठरतं, तो कागद कर्जदार स्वतः भरतो, आणि बहुतेक शाखांत तो फाइलला लागतो एवढंच. इथे दुसऱ्या हातची नोंद तयार आहे ती जीएसटीची. कर्जदाराचा पुरवठादार त्याच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात जी विक्री दाखवतो, ती कर्जदाराच्या जीएसटीआर-२बी या आपोआप बनणाऱ्या तक्त्यात खरेदी म्हणून उतरते. ही नोंद कर्जदाराच्या हातची नसते, म्हणून तिला किंमत आहे.

जुळणीचं सूत्र साधं आहे: सुरुवातीचा माल, अधिक २बी मधली खरेदी, वजा विकलेल्या मालाची मूळ किंमत, बरोबर शेवटचा माल. एक नमुना घेऊ. हार्डवेअरचं दुकान, सुरुवातीचा माल ३८ लाख, महिन्याची खरेदी ११ लाख, जीएसटीआर-१ प्रमाणे विक्री १४ लाख, ढोबळ नफा विक्रीच्या १२ टक्के. विकलेल्या मालाची किंमत झाली १२.३२ लाख, म्हणून शेवटी माल असायला हवा ३६.६८ लाख. स्टेटमेंटमध्ये लिहिलाय ५२ लाख. २५ टक्के मार्जिन (बँक सुरक्षेसाठी सोडते तो हिस्सा) वजा केलं की त्याच्या कागदावर डीपी निघतो ३९ लाख, आपल्या गणितावर साडेसत्तावीस. मधले साडेअकरा लाख म्हणजे तारणाशिवाय दिलेले पैसे. पुरवठादारांची न फेडलेली बिलं मालाच्या किमतीतून वजा करायची असतात, ती कर्जदाराने लपवली असतील तर फरक आणखी वाढतो.

पण हा फरक दिसला म्हणजे खोटं सापडलं असं समजू नका. आधी ही निर्दोष कारणं तपासून बाजूला करावी लागतात. बिगर-नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतलेला माल २बी मध्ये येत नाही, आणि शेतमालाच्या व्यापाऱ्याची बहुतेक खरेदी तशीच असते. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेला पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरत असेल तर त्याची बिलं दोन महिने उशिरा दिसू शकतात. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि स्टॉक स्टेटमेंट त्याआधी येतं, म्हणून एका महिन्याची तुलना न करता सलग तीन महिन्यांची बेरीज घ्या. २बी मध्ये मालाचा एचएसएन कोड (माल कोणत्या प्रकारचा हे सांगणारा क्रमांक) नसतो, त्यामुळे दुकानाचं भाडं, टेम्पोची खरेदी, सीएची फी हे सगळं 'खरेदी' म्हणून मोजलं जातं. पुरवठादारांची यादी एकदा हाताने चाळून खर्चवाले वेगळे काढावेच लागतात. कंपोझिशन योजनेतला (उलाढालीवर ठोक दराने कर भरणारा) दुकानदार जीएसटीआर-१ भरतच नाही, त्याला हे सूत्र लावू नका. मालाची किंमत करासह धरली आहे की कराशिवाय, हेही विचारा. नुसत्या १८ टक्के करामुळे ५० लाखांच्या मालात ९ लाखांचा 'घोटाळा' दिसू शकतो.

आणखी एक खूण आहे, आणि माझ्या मते अख्ख्या फाइलमधली ती सगळ्यात बोलकी आहे. मंजूर मर्यादा ३० लाख असताना खऱ्या दुकानाचा डीपी महिन्यागणिक हलतो: दिवाळीआधी ४१, मार्चमध्ये २६, पावसाळ्यात ३३. ज्याने मर्यादेवरून मालाचा आकडा उलटा काढलेला असतो त्याचा डीपी येतो ३०.४, ३०.७, ३०.२, ३०.५. कायम मर्यादेच्या किंचित वर आणि कधीच खाली नाही. मर्यादेपासूनच्या अंतराची बारा महिन्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) काढा. सरासरी ० ते ३ टक्के आणि विचलन अगदी कमी, अशी खाती वेगळी काढा. हे एक्सेलमध्ये एका दुपारी होतं, आणि महागड्या मॉडेललाही शेवटी हाच आकडा पुरवावा लागतो.

दुसरी जागा म्हणजे अर्जदाराने दिलेला बँकेचा खातेउतारा. त्याचं काम यापेक्षा सोपं, पण बदललेल्या पीडीएफ आता इतक्या सफाईने बनतात की फाँट आणि फाइलची तारीख पाहून भागत नाही. त्याऐवजी आतलं गणित पाहा. प्रत्येक ओळीला मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर नवी शिल्लक येते का, ही पहिली चाळणी. सराईत हात ही शिल्लक दुरुस्त करतो, पण व्याज विसरतो. दुसऱ्या बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याचा उतारा असेल तर रोजच्या शिल्लकेवर दर लावून महिन्याचं व्याज स्वतः काढा आणि उताऱ्यात आकारलेल्या व्याजाशी ताडून पाहा. मधल्या नोंदी बदललेल्या असतील तर हे दोन आकडे जुळत नाहीत. बिलांवरचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०, पुढची दहा अक्षरं पॅन, आणि शेवटचं अक्षर गणिताने येणारं तपास-अक्षर. मनाने बनवलेला क्रमांक बहुधा इथेच अडकतो.

यातलं बरंचसं टाळायचं असेल तर उतारा कर्जदाराकडून घेऊच नका. अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतून कर्जदाराच्या संमतीने तो थेट त्याच्या बँकेकडून येतो, मधल्या मध्ये कोणाला बदलता येत नाही. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली असल्याने तिला यात सामील होता येतं, आणि जीएसटी नेटवर्कही माहिती देणाऱ्यांच्या यादीत आहे. तीच गोष्ट ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाची. ५ कोटींहून अधिक उलाढालीच्या विक्रेत्याच्या बिलावर सही केलेला क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून आतली रक्कम छापील रकमेशी ताडा. बिलाचा फोटो खरा की यंत्राने बनवलेला, हे फोटोवरून ठरवण्यात वेळ घालवू नका, ती शर्यत हरण्याचीच आहे.

चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेलं इथे एका कामाला चांगली आहेत: वेगवेगळ्या नमुन्यांच्या बिलांतून तारीख, क्रमांक, रक्कम उचलून तक्त्यात भरणं. मात्र 'हे बिल बनावट आहे का' असं त्यांना विचारू नका. ती आत्मविश्वासाने काहीतरी उत्तर देतात आणि त्यामागे तपास नसतो. रकमा उचलतानाही चूक होते. हाताने लिहिलेला देवनागरी ४ हा रोमन आठासारखा वाचला जातो, १ आणि ९ ची अदलाबदल होते. म्हणून दर गुणिले नग बरोबर रक्कम, रकमांची बेरीज अधिक कर बरोबर एकूण, ही पडताळणी साध्या प्रोग्रामने करायची आणि न जुळलेली बिलं माणसाकडे पाठवायची. कागद बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असतील तर आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक आधी झाकले पाहिजेत.

तिसरी जागा म्हणजे नात्यांचं जाळं. तीन फर्म एकमेकींना माल विकल्याची बिलं देतात, माल कुठेच जात नाही, पण तिघींची उलाढाल फुगते आणि तीन बँका त्यावर कर्ज देतात. एकेक फाइल स्वतंत्र पाहिली तर तिन्ही नीटनेटक्या दिसतात. यासाठी जीएसटीआयएन, पॅन, मोबाइल, पत्ता, खाते क्रमांक यांचे बिंदू करून त्यांना व्यवहारांच्या रेषांनी जोडायचं आणि बंद वर्तुळं शोधायची: क ने ख ला, ख ने ग ला, ग ने पुन्हा क ला, रक्कम थोड्या फरकाने तीच, दिवस तेच. खात्यात त्याची सावली दिसते: सकाळी आलेले ८ लाख दुपारपर्यंत तसेच बाहेर गेलेले असतात आणि दिवसअखेरची शिल्लक कायम नगण्य असते. मालाची खरी वाहतूक झाली का, याला ई-वे बिलावरचा (माल वाहताना काढायच्या ऑनलाइन परवान्यावरचा) वाहन क्रमांक उपयोगी पडतो. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरं आणि चारा वाहिल्याचे दाखवलेले काही क्रमांक परिवहन कार्यालयाच्या नोंदीत स्कूटरचे निघाले होते. कुठलंही मॉडेल नसताना, फक्त दुसऱ्या हातच्या नोंदीशी जुळवून ते सापडलं. मात्र ई-वे बिल नसणं हा गुन्हा समजू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंतच्या मालाला ते लागतच नाही.

या जाळ्यात एक सापळा आहे. तालुक्याच्या गावात बरेचसे दुकानदार जीएसटी नोंदणी करताना कर सल्लागाराचा मोबाइल आणि ईमेल देतात. त्यामुळे जाळं काढलं की एकाच मोबाइलभोवती दोनशे दुकानं गोळा झालेली दिसतात, आणि मॉडेल त्या सगळ्यांना एक टोळी समजतं. ज्या मोबाइलला वीसहून अधिक नोंदण्या जोडलेल्या आहेत तो बिंदू आधी जाळ्यातून काढून टाका. बाजार समितीच्या आवारातल्या गाळ्यांचा पत्ताही असाच सगळ्यांचा सारखा दिसतो. नावांची जुळणी तर आपल्याकडे फार जपून करावी लागते. आधारवर दत्तात्रय आणि पॅनवर दत्तात्रेय, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी पतीचं. नाव जुळत नाही एवढ्यावरून गुण कापले तर सगळ्यात जास्त फटका महिला कर्जदारांना बसतो.

मॉडेल शिकवण्याबद्दल थोडं. तुमच्याकडे सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या फाइली तीस-चाळीस असतील. एवढ्यांवर मॉडेल शिकत नाही, पाठ करतं. काही शे सिद्ध प्रकरणं होईपर्यंत वरचे नियम आणि त्यांच्या जोडीला 'या व्यवसायाच्या बाकीच्यांपेक्षा हे खातं किती वेगळं' हे मोजणारी साधी पद्धत पुरते. तुलना मात्र व्यवसायानुसार गट पाडूनच करा. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याची उलाढाल हंगामात उसळते आणि नंतर पडते. किराणा दुकानाच्या शेजारी ठेवलं तर ते खातं कायम संशयास्पद ठरेल. आकड्यांच्या पहिल्या अंकाचा बेनफर्डचा नियम, ज्यात १ ने सुरू होणारे आकडे सुमारे ३० टक्के असतात, हजारो नोंदी असतील तरच वापरा. ठरलेल्या छापील किमतींच्या मालाला तो लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे थकीत खातं हेच खोटं खातं धरून मॉडेलला शिकवणं. गारपिटीत बाग गेली म्हणून हप्ता चुकलेला माणूस खोटं बोललेला नाही, आणि बनावट स्टॉक दाखवून वेळेवर व्याज भरणारा खोटं बोलतो आहे. जुन्या फाइलींवर तीन वेगळ्या खुणा करा: खोटं सिद्ध झालं, थकलं पण कागद खरे, आणि तपासच झाला नाही. तिसऱ्या प्रकाराला 'खरा' म्हणून शिकवू नका. चाचणी घेताना फाइली सरमिसळ करून न वाटता काळाने वाटा: मार्च २०२४ पर्यंतच्या फाइलींवर शिकवा, त्यानंतरच्यांवर तपासा. आणि 'वकिलाची नोटीस फी' यासारखे रकाने काढून टाका. ते घटना उघड झाल्यावर भरले जातात, आणि ठेवले तर मॉडेलची अचूकता खोटी फुगते.

एक गोष्ट यंत्र कधीच करू शकणार नाही. नोंद करणाराच खोटं लिहीत असेल आणि दुसरी नोंद जोडलेलीच नसेल तर ते आंधळं राहतं. २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेच्या प्रकरणात हमीपत्रांचे स्विफ्ट संदेश (बँकांमधले आंतरराष्ट्रीय संदेश) बाहेर जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य खातेप्रणालीत, त्यांची नोंद होत नव्हती, कारण त्या दोन प्रणाली जोडलेल्या नव्हत्या. २०१९ च्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक प्रकरणात एका बांधकाम समूहाची कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचा आरोप झाला. त्या यादीवर कितीही हुशार मॉडेल चालवलं असतं तरी त्याने त्या यादीच्या आतच पाहिलं असतं. म्हणून मॉडेलवर पैसे घालण्याआधी तुमच्या कोणत्या दोन प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत त्याची यादी करा, आणि कर्ज मंजूर करणाऱ्याच्या हातात या तपासाची चावी देऊ नका.

खूण झाल्यावर काय करायचं, हे कायद्यानेही ठरवून दिलं आहे. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल या निकालात सांगितलं की खात्याला फसवणूक ठरवण्याआधी कर्जदाराचं म्हणणं ऐकलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या १५ जुलै २०२४ च्या निर्देशांत कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायला किमान २१ दिवस आणि कारणांसहित आदेश असं स्पष्ट आहे. 'प्रणालीने ८७ गुण दिले' हे कारण होत नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या अर्जांना जोखमीचे गुण देणाऱ्या पद्धतीत नागरिकत्व हा एक घटक होता. हजारो निरपराध कुटुंबांकडून वसुली झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

त्यामुळे प्रत्येक खुणेसोबत यंत्राने तीन ओळी दिल्याच पाहिजेत: कोणती नोंद, कोणत्या नोंदीशी, कितीने जुळत नाही. त्या ओळी कर्जदाराला मराठीत पाठवता आल्या पाहिजेत. उदाहरणार्थ: 'एप्रिल ते जून या काळात आपल्या स्टॉक स्टेटमेंटप्रमाणे माल ५२ लाख आहे. जीएसटी विवरणपत्रांवरून तो सुमारे ३७ लाख येतो. फरकाचं कारण आणि बिगर-नोंदणीकृत खरेदीची बिलं असल्यास कृपया सात दिवसांत द्यावीत.' यात आरोप नाही, ही २१ दिवसांची कारणे दाखवा नोटीसही नव्हे, आणि बहुतेक फरक अशा पत्रानेच सुटतात. उत्तर न आलेल्या किंवा न पटलेल्या खात्यांवर अधिकाऱ्याने न कळवता जाऊन माल मोजायचा. महिन्याला किती खाती अशी मोजता येतील, समजा पंधरा, तर खुणेची पातळी तेवढीच खाती वर येतील अशी ठेवा. यादीतल्या पंधरांखेरीज दोन खाती दर महिन्याला चिठ्ठी टाकून निवडा आणि तीही मोजा. नाहीतर यंत्राच्या नजरेतून काय सुटतं ते कधीच कळणार नाही.

विक्रेत्याला परत पाठवण्याआधी एक संधी द्यायची असेल तर २०२२-२३ च्या दोनशे जुन्या फाइली नावं आणि निकाल झाकून द्या, त्यात सिद्ध झालेली दहा प्रकरणं मिसळा, आणि विचारा: सगळ्यात संशयास्पद वीस कोणत्या, आणि प्रत्येकीचं कारण कोणतं. चेहरा आणि आवाज त्यात नसतीलच. कागदांवर काही सांगता येत नाही असं उत्तर आलं तर करार करू नका. वीसातली पाच-सहा बरोबर आली आणि कारणं पटली तर मग दराचं बोलणं सुरू करा, आणि तीच चाचणी दर सहा महिन्यांनी नव्या फाइलींवर घेण्याचं कलम करारात घाला.